पुढं काय लिहिलंय

फेरीबोट अजून पलीकडेच आहे, धोपाव्याला.
एक टेम्पो उलटा चढवताहेत, हाका इथवर येतात.
रुकय्या दाभोळच्या जेटीवर कठड्याला टेकून उभी,
गुडघ्याला प्रागमध्ये घेतलेला पट्टा,
पायात मात्र इथलीच, अंगठा झिजलेली चप्पल.

लोक विचारतात, काय काय पाहिलंत तिकडे?
एकेचाळीस दिवस, नऊ शहरं.
ती म्हणते, तारली पाहिली.
खोटं नाही. लिस्बनच्या बाजारात
बर्फावरच्या माशाचा कल्ला तिनं अंगठ्यानं उघडला,
आत लाल बघून मान हलवली,
आणि तो मिशाळ मासेवाला
भाव सांगायच्या आधीच दोन जास्तीच्या टाकून मोकळा झाला.
शिजवायला काही नव्हतं.
हॉटेलातल्या इस्त्रीकडे ती बराच वेळ बघत होती.

आम्ही निघालो ते शिक्क्यांच्या मागनं.
मी पोस्टात बत्तीस वर्षं.
शरफुद्दीन मुकादमाची पत्रं माझ्या हातून यायची:
रॉटरडॅम, हॅम्बुर्ग, अँटवर्प,
गोल काळ्या शाईतली अर्धी पुसलेली गावं.
तिला उर्दू वाचता यायचं,
तो पडला मराठी शाळेतला,
म्हणून दुपारी तिकिटांचा खण बंद करून
मीच वाचून दाखवायचे.
काउंटरच्या पलीकडे ती, अलीकडे मी,
मध्ये गोंदाची वाटी.

पत्र चार ओळींचं.
पैसे पाठवलेत. कौलं बदल.
बोकड इतक्यात विकू नको.
येणं पुढच्या साली.
एवढ्यासाठी ती घाटी उतरून,
ओढणीनं कपाळ पुसत, उन्हात आलेली असायची.

मग अँटवर्पचा धक्का. आभाळ ओल्या गोणपाटासारखं.
पाण्यात दिवे पडले तेव्हा ती म्हणाली,
हेच ना गो ते,
जे बघून त्याला माझ्या बांगड्या आठवायच्या?

आणि मी, इतकी वर्षं गप्प राहिलेली मी,
का कोण जाणे तिथंच म्हटलं,
रुकय्या, ते त्यानं लिहिलं नव्हतं.
ते मी वाचलं होतं.

दीड दिवस ती बोलली नाही.
कलोन आलं, त्याचं ते काळं चर्च
खिडकीतून वर वर निघून गेलं.
सुकटीचा डबा तिनं स्वतःच्या मांडीवर घेतला.
समोरची बाई नाकाला रुमाल लावून
दुसऱ्या डब्यात जाऊन बसली
तरी आम्ही हसलो नाही.

प्रागच्या औषधाच्या दुकानात
पट्टा बांधून घेता घेता, मालकिणीच्या देखत
ती एकदम म्हणाली,
मना ठाव होता.
त्या माणसाच्या तोंडी जन्मात बांगडी नव्हती.
त्याचा बांगडाच.

मग तू ऐकून का घ्यायचीस?

कौलं बदल, एवढं ऐकायला
कोण घाटी उतरतं?

मालकिणीनं पट्टा ओढला तशी ओरडली.
बाहेर येऊन, ट्रामच्या खांबाला धरून, पुन्हा:
आता कुठली ओळ त्याची, कुठली तुझी,
निवडत बसू नको. तांदूळ नाहीत ते.

बोट लागली. साखळी खाली आली,
आधी दुचाक्या, मग कोंबड्यांचे झाप, मग आम्ही.
तिच्या भाचीला मुलगी झालीय पलीकडे.
आठ मिनिटांचं पाणी.
तिकिटं तिनंच काढली, माझ्या हातात दिली.
चष्मा घरी राहिला म्हणते.
पर्सच्या तोंडाशी त्याची दांडी दिसतेय.

वाच.

दाभोळ ते धोपावे. माणसं दोन.
उतरेपर्यंत तिकीट जपून ठेवावे.

ती खाडीच्या तोंडाकडे बघते,
जिथं पाण्याचा रंग बदलतो.

आणि पुढं?